नांदूरघाटच्या अलीकडचा व्हेटो

जगातली साम्राज्यं तलवारीनं उभी राहिली, तोफांनी वाढली आणि शेवटी एका क्रियापदापाशी येऊन थांबली.

हे वाक्य माझं नाही. आश्रुबा गिरणीवाल्याच्या तेजश्रीचं आहे, आणि ते तिनं बापाच्या पिठाच्या गिरणीत उभं राहून, भुवया पांढऱ्या झालेल्या असताना उच्चारलं. ऐकायला आम्ही तिघं होतो. त्यातला आश्रुबा गिरणीचा पट्टा चढवत होता, त्यामुळं त्याला काही ऐकू गेलं नाही. दुसरी बायनाबाई. तिनं विचारलं, "आधी बाजरी घेतो का ज्वारी?" साम्राज्यांचा विषय तिथंच थांबला, कारण बाजरीच्या पाठीवर ज्वारी दळली की भाकरी काळपट येते, आणि बायनाबाईला काळपट भाकरी चालत नाही. तिसरा मी. मला दळायचं काहीच नव्हतं. रिटायर माणसाला बसायला गिरणीसारखी जागा नाही. तिथं आवाजच इतका असतो की आपलं मत कोणी विचारत नाही.

तेजश्री अंबाजोगाईला वकिली शिकते. परीक्षा संपवून घरी आली होती. कायद्याच्या पुस्तकांत लॅटिन शब्द जागोजाग पेरलेले असतात, म्हणजे पक्षकाराला फी पटते. त्यातलाच एक शब्द तिच्या डोक्यात बसला होता: व्हेटो.

मला वाटत होतं, व्हेटो ही एक वस्तू आहे. ती अमेरिकेत कुठल्याशा कपाटात ठेवलेली असते आणि कपाटाच्या किल्ल्या पाच देशांकडं असतात. पेपरात तसंच वाचत आलो.

"वस्तू न्हाई नाना, क्रियापद हाय," तेजश्री म्हणाली. "रोजच्या बोलण्यातलं. आई पोराला म्हणते तसलं. अर्थ एवढाच, मी मना करतो."

"एवढंच?" बायनाबाईनं विचारलं.

"एवढंच."

"यासाठी अंबाजोगाईला जावं लागतंय व्हय?"

ज्वारी पडेपर्यंत तेजश्रीनं पुढची हकीकत सांगितली. रोममध्ये म्हणे राबणारे वेगळे आणि ठरवणारे वेगळे होते. ("आन् हितं?" बायनाबाई मध्येच म्हणाली.) तर एके दिवशी राबणारी सगळी माणसं शहर सोडून निघाली आणि जवळच्या डोंगरावर जाऊन बसली. भांडण नाही, दगडफेक नाही. खाली शहरात ठरवणारे तेवढे उरले. त्यांनी पुष्कळ ठरवलं, पण ठरवलेलं करायला माणूस सापडेना. शेवटी तडजोड झाली. राबणाऱ्यांनी आपल्यातली माणसं निवडावीत असं ठरलं. निवडलेल्या माणसाकडं ना फौज, ना तुरुंग. त्याला एकच करता यायचं. ठरवणाऱ्यांच्या मधोमध जाऊन उभं राहायचं आणि म्हणायचं, मी मना करतो. की काम बंद.

"चिठ्ठी पाठवून भागायचं का?" मी विचारलं. आमच्याकडं बहुतेक हरकती चिठ्ठीनं जातात आणि चिठ्ठीनंच मरतात.

"न्हाई. स्वतः जायचं, स्वतःच्या तोंडानं म्हणायचं. म्हणून त्या माणसानं गावाबाहेर मुक्काम करायचा न्हाई. आन् घराचं दार रात्रंदिवस उघडं ठेवायचं, कुणाला बी कवा बी येता यावं म्हणून."

बायनाबाईनं पहिल्यांदाच पिठावरची नजर उचलली.

"दार?"

"दार."

"आन् हा शब्द त्यांनी तरी कुठनं आणला?" मी विचारलं. आपल्याला नाही त्या गोष्टीचं मूळ लागतं.

"त्याच्यावर विद्वानांचं एकमत न्हाई. लॅटिनच्या आधी त्याचं मूळ काय, हे कुणीच पक्कं सांगत न्हाई."

"कशाला हुडकायचं," बायनाबाई म्हणाली. "पोरगं बोलाया लागलं की पयलं आय म्हणतंय, मग न्हाई म्हणतंय. कुणी शिकवलेलं असतंय?" मग डबा उचलता उचलता ती थांबली. "आमी बी दरसाल गाव सोडून जातोच की तेजू. आमाला काय मिळालं?"

उत्तर बायनाबाईनंच दिलं. "ते डोंगरावर जाऊन बसले. आमी उसात जातो. डोंगरावर मुकादम नसतो."

आणि डबा डोक्यावर घेऊन ती गेली.

आता ही बायनाबाई कोण आणि दाराचं काय, ते सांगायला हवं. आमचं गाव नांदूरघाटच्या अलीकडं. दसरा-दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. ट्रका भरतात, बैलगाड्या चढतात, आणि आठवड्याभरात गल्ल्याच्या गल्ल्या कुलपात जातात. बायनाबाईनं जन्मभर कोयता चालवला. आता गुडघे ऐकत नाहीत म्हणून मुलगा-सून जातात आणि ती मागं राहते. तिचं घर गावाच्या अगदी तोंडाशी, रस्त्याला लागून. जाणारा प्रत्येक जण तिच्या दारात थांबतो आणि घराची किल्ली तिच्या हातात देतो. दारामागच्या भिंतीला खिळ्यांच्या रांगा आहेत. कुठली किल्ली कुणाची हे तिला विचारावं लागत नाही.

हंगाम अर्ध्यात टाकून कुणी ना कुणी परत येतंच. कुणाचा हात कापलेला, कुणाचे दिवस भरत आलेले, कुणाचं तापानं फणफणलेलं पोर. टेम्पो तिच्या दारात थांबतो. आधी माणूस खाटेवर घालून बायनाबाईच्या घरात, मग किल्ली, मग त्याच्या घरात दिवा. म्हणून हंगामभर ती दाराला कडी लावत नाही. दिवसा उघडं, रात्री नुसतं लोटलेलं. रोमची हकीकत तिनं याआधी ऐकलेली असण्याचं काही कारण नाही.

आणि नेमकं याच दारासमोर कमानीचा खांब येत होता.

शेजारच्या दोन गावांनी कमानी उभारल्यापासून आमच्या गावाला रात्रीची झोप नव्हती. आमच्याकडं गावात शिरायला धड रस्ता नाही. पण शिरल्याची खूण मात्र भव्य पाहिजे, यावर सगळ्यांचं एकमत. कमानीवर नाव युवराजच्या कैलासवासी वडलांचं. युवराज म्हणजे आमचे सरपंच. म्हणजे तसे नव्हेत. जागा बाईसाठी राखीव निघाली म्हणून निवडून आली त्याची बायको, राजनंदिनीताई. पण निवडून आल्याच्या संध्याकाळी हार युवराजच्या गळ्यात पडले आणि ते परत काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. फलकावर नाव तिचं, जीपवर पाटी त्याची. ठरावाची वही संध्याकाळी त्याच्या बगलेतून घरी जायची आणि सकाळी सही होऊन परत यायची. चुलीपुढं भाकरी थापता थापता ती सही करते असं म्हणत. एका ठरावावर मी स्वतः पिठाचं बोट पाहिलंय.

कमान आधी बेतातच ठरली होती. मग इंजिनिअर म्हणाला, उसाचे ट्रेलर अडकतील, उंच घ्या. उंच घेतली तर रुंद घ्यावी लागते, रुंद घेतली तर खांब जाड होतो, आणि जाड झालेला खांब बायनाबाईच्या चौकटीपासून हातभर अंतरावर येऊन ठेपला. समोर सरकवावी तर युवराजच्या चुलतभावाचं खताचं दुकान. पुढं न्यावी तर कमान दुसऱ्या गावच्या शिवेत जाते. मागं घ्यावी तर विजेचा खांब नावाच्या पाटीला आडवा येतो आणि कैलासवासींचं अर्धंच नाव दिसतं. सगळ्या बाजूंनी विचार केल्यावर गावाच्या विकासाला अडचण एकच उरली, ती म्हणजे बायनाबाईचं दार.

"वाकडं हून जायचं मावशी," युवराजनं तिला समजावलं होतं. "तुमी तर वाळक्या. सहज जाताल."

"मी जाईन बापू," ती म्हणाली होती. "खाट कशी जाईल? आन् उद्या मी मेल्यावर मला काय उभी काढणार हायेस?"

युवराजनं यावर विचार करतो असं सांगितलं आणि ऊसतोड्यांच्या ट्रका निघेपर्यंत वाट पाहिली.

ही आमच्याकडची जुनी पद्धत आहे आणि तिला कुणी वाईट म्हणत नाही. हंगामात ग्रामसभा बोलवायची. माणसं गावातच नसल्यामुळं गणपूर्ती होत नाही. सभा तहकूब करायची. तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट नसते. मग उरलेल्या दहा-बारा लोकांत गावाचं भवितव्य चहाच्या आत ठरतं. ज्यांना हरकत घ्यायची असते ते तेव्हा कोल्हापूरकडं उसात असतात.

तर ती तहकूब सभा, गिरणीतल्या त्या सकाळनंतर चारेक दिवसांनी, पंचायतीच्या हॉलमध्ये भरली. टेबलामागं मधल्या खुर्चीत राजनंदिनीताई, डोक्यावर पदर, नजर टेबलावर. शेजारी युवराज. पलीकडं ग्रामसेवक. समोर युवराजची माणसं, तेजश्री, मी, आणि मागं भिंतीला टेकून बायनाबाई, कौशल्याबाई, मुक्ताबाई अशा गावात मागं राहिलेल्या चार-पाच म्हाताऱ्या. ग्रामसेवकानं ठराव वाचला. कुणाला काही म्हणायचंय का असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पान उलटलं. त्याचा अनुभव दांडगा.

बायनाबाई भिंतीला हात लावून उठली. गुडघे वाजले ते सगळ्यांना ऐकू आलं. टेबलापुढं जाऊन उभी राहिली.

"मी मना करते," ती म्हणाली.

ग्रामसेवकानं युवराजकडं पाहिलं. युवराजनं पंख्याकडं पाहिलं.

"मावशी, हरकत लेखी लागते," ग्रामसेवक म्हणाला.

"मी हितं हाय की. लेखी कावून?"

"तसं न्हाई, हरकत म्हंजी…"

"मी हरकत घेत न्हाई. मना करते."

आमच्याकडं हा 'मना' शब्द कचेरीच्या पाटीवरून घरात आला. आत येणं मना, बसणं मना, झाडाखाली गाडी लावणं मना. पाटी नेहमी कुणाची तरी असायची आणि वाचणारे आम्ही. कचेरीच्या टेबलापुढं उभं राहून कुणी तो उलट्या दिशेनं फेकलेला मी तरी पाहिला नव्हता. ग्रामसेवकानंही पाहिला नसावा, कारण त्यानं पेनाचं टोपण लावलं आणि पुन्हा काढलं.

"हे कुणी शिकवलं मावशी?" युवराज हसत म्हणाला आणि त्यानं तेजश्रीकडं पाहिलं. "वकीलीणबाईनं का? गिरणीत व्हेटोवर भाषण झालं म्हणं. अगं, व्हेटो पाच देशांकडं असतो. बायनामावशी कितवा देश?"

त्याची माणसं हसली. मलाही थोडं हसू आलं. विनोद बरा होता.

"पाच देशांच्या आधी तो ज्यांच्याकडं काहीच नव्हतं त्यांच्याकडं होता," तेजश्री म्हणाली आणि तिनं डोंगराची हकीकत पुन्हा सांगितली. या खेपेला गिरणी चालू नसल्यामुळं सगळ्यांना नीट ऐकू गेली.

"मग मधी जाऊन उभा ऱ्हायला त्या माणसाला कुणी काय केलं न्हाई?"

हा आवाज कुणाचा ते आधी कुणाला कळलं नाही. मग कळलं, राजनंदिनीताईंचा. सरपंच झाल्यापासून हॉलमध्ये त्यांचा आवाज आम्ही झेंडावंदनाला 'जय हिंद'पुरताच ऐकला होता.

"हात लावायचा न्हाई असा नियम होता, ताई," तेजश्री म्हणाली. "त्याला हात लागला तर सगळेच्या सगळे उठतील अशी शपथ घेतलेली होती. त्याचा जोर तेवढाच. पुढं पुढं मारले बी काहींना."

"मारत्यात की," बायनाबाई म्हणाली. "त्यात काय नवल."

"बरं," राजनंदिनीताई म्हणाल्या आणि पुन्हा टेबलाकडं बघू लागल्या.

ग्रामसेवक अडचणीत आला. सरपंचांनी प्रश्न विचारला हे इतिवृत्तात कुठल्या रकान्यात घ्यायचं, त्याला माहीत नव्हतं. त्यानं ते घेतलंच नाही.

"झालं का?" युवराज म्हणाला. "मावशी, ह्यो रोम न्हाई, केज तालुका हाय. हितं बहुमत चालतंय. एकीच्या 'न्हाई'नं ठराव थांबत न्हाई. हात वर करा रे."

हात वर झाले. ठराव बहुमतानं मंजूर. बायनाबाई होती तिथंच उभी होती. लोक चहाला उठले तरी उभी होती. टेबल आवरताना शिपायानं तिला वळसा घातला.

"आता?" बाहेर आल्यावर मी तेजश्रीला विचारलं.

"अपील करता येतं. वर. पण तारीख पडंपर्यंत कमानीवर कबुतरं बसतील." ती चिडली होती. "मी उगं सांगितलं नाना. पुस्तकातलं होतं, पुस्तकात ऱ्हावू द्यायचं."

मागून बायनाबाई येत होती. "लागू झालं न्हाई ते," ती म्हणाली, औषधाबद्दल बोलावं तसं. "जागा चुकली. तू काय म्हणलीस, जिथं काम व्हतंय तिथं मधी उभं ऱ्हायाचं. काम काय हॉलात व्हनार हाय का? काम तर माझ्या दारात हाय."

भूमिपूजन सोमवारी होतं. जागेवर चुन्याच्या फक्कीनं चौकोन आखला होता, त्याची एक रेघ बायनाबाईच्या पायरीवरून गेली होती. आजूबाजूला खडी आणि वाळूचे ढीग. खड्डा खणायला गावात माणूस नव्हता, कारण खणणारे सगळे उसात. त्यामुळं केजहून जेसीबी आणलेला. गावाला बाहेर घालवून गावाचा विकास करायचा म्हटलं की यंत्र लागतंच.

भटजी आले. पाट मांडले, कलश मांडला. युवराज पांढऱ्या कपड्यांत, कपाळाला गंध, पूजेला बसायच्या तयारीत चौकोनाच्या कडेला येऊन उभा राहिला. राजनंदिनीताई अजून जीपमध्ये होत्या. तेवढ्यात दार उघडलं. म्हणजे ते उघडंच होतं, त्यातून बायनाबाई बाहेर आली. हातात एक लांबरुंद गोणपाट. तिनं ते चौकोनावर पसरलं, कडेपर्यंत ओढून नीट केलं आणि मधोमध बसली.

"मी मना करते," ती म्हणाली.

"मावशी, मुहूर्त चाललाय," युवराज म्हणाला.

"चालू दे. मी बसले हाय."

"लोकांपुढं तमाशा नका करू. उठा."

"लोक कुठं हायेत बापू? लोक उसात हायेत. त्यांच्या किल्ल्या माझ्यापाशी हायेत. त्यांनी माघारी आल्यावर यायचं कुठनं, सांग."

"बाजूनं यायचं."

"खाट बाजूनं येत न्हाई."

युवराजनं जेसीबीवाल्याला खूण केली. जेसीबीवाल्यानं यंत्र सुरू केलं, दात असलेला हात वर उचलला, खाली बायनाबाईकडं पाहिलं. तिनं वर पाहिलं. पदर नीट केला, फोटो काढायच्या आधी करतात तसा. जेसीबीवाल्यानं यंत्र बंद केलं आणि डबा काढून भाकरी खायला सुरुवात केली.

"ए बे, पैसे कशाचे घेतोस?" युवराजचा चुलतभाऊ ओरडला.

"खड्ड्याचे," जेसीबीवाला म्हणाला. "म्हातारीचे ठरले न्हाईत, आन् ठरले तरी मी घेणार न्हाई."

एवढ्यात गल्लीतून कौशल्याबाई आली, तिच्यामागं मुक्ताबाई, आणि आणखी दोघी. कुणी बोलावलं नव्हतं. एकीच्या हाताला पीठ, एकीच्या काखेत कोंबडी. आल्या आणि गोणपाटाच्या एका बाजूला दाटीनं बसल्या. प्रत्येकीनं बसताना म्हटलं, "मी बी मना करते." मुक्ताबाईला कमी ऐकू येतं. तिनं आधी "काय म्हणायचं?" असं विचारून घेतलं आणि मग सगळ्यांत मोठ्यानं म्हटलं.

"पोलिसांना फोन लावू का?" युवराज म्हणाला.

"लाव. किती जण येतील ते इचार," बायनाबाई म्हणाली. "च्याला दूध तेवढं हाय का बगावं लागंल."

युवराजनं फोन काढला, नंबर काढला, आणि लावला नाही. पाच म्हाताऱ्यांना उचलताना कुणी तरी मोबाइलवर चित्र काढणार, आणि ते चित्र कमानीच्या आधी जिल्ह्याला पोहोचणार, एवढं त्याला कळत होतं. मूर्ख नव्हता तो. नुसता सरपंचपती होता.

तो अस्वस्थ होता हे दिसत होतं. खडीवर उभा राहून एकसारखा एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होता. चेहरा आंबट झालेला. मी मनाशी म्हटलं, बघ, अडीच हजार वर्षांपूर्वी रोममधले ठरवणारेही असेच उभे राहिले असतील. सत्तेच्या पायाखालची जमीन सरकते ती अशी. मला भरून आलं.

भटजींना मात्र इतिहासाचं सोयरसुतक नव्हतं. त्यांना पुढं दुसऱ्या गावी वास्तुशांत होती. ते म्हणाले, "यजमान, आपण ह्या बाजूला पाट मांडून घेऊ. संकल्प तेवढा करू. जोडीनं बसा. सरपंचबाईंना बोलवा. पत्नीचा हात लागल्याशिवाय पूजा व्हायची नाही."

"चला हो," युवराज जीपकडं बघून म्हणाला.

राजनंदिनीताई उतरल्या. पैठणी, हातात पूजेचं ताट. हळूहळू आल्या. आखलेल्या चौकोनाजवळ थांबल्या. एकदा रेघेकडं पाहिलं. एकदा बायनाबाईच्या दाराकडं. उघड्या दारातून आतली भिंत दिसत होती, आणि तिच्यावर किल्ल्याच किल्ल्या. निम्मं गाव त्या भिंतीला टांगलेलं होतं.

ताईंनी ताट भटजींच्या हातात दिलं.

"ग्रामसेवक भाऊ," त्या म्हणाल्या. "त्या ठरावावर सही कुणाची लागती?"

"आपलीच ताई," ग्रामसेवक म्हणाला.

"झाली का?"

ग्रामसेवकानं युवराजकडं पाहिलं. "म्हणजे… घरी व्हायची होती. साहेब म्हणाले, पूजा उरकली की संध्याकाळी…"

"संध्याकाळी मी भाकरी करते," ताई म्हणाल्या. "सही करत न्हाई."

"नंदिनी," युवराज दबक्या आवाजात म्हणाला. "काय चाललंय. आबांच्या नावाची कमान हाय."

"मामंजींचं नाव मला तुमच्याइतकंच मोलाचं हाय. गेले तवा ह्याच रस्त्यानं नेलं त्यांना. म्हाताऱ्या बायका ह्याच दारात उभ्या ऱ्हाऊन रडत व्हत्या. त्यांचं नाव कुणाच्या दारात आडवं घालायचं न्हाई." त्यांचा आवाज चढला नाही. उलट उतरला, त्यामुळं आम्हा सगळ्यांना पुढं सरकून ऐकावं लागलं. "नाव शाळेच्या पाण्याच्या टाकीला द्या. पोरं पानी पितील, नाव घेतील."

"ठराव मंजूर झालाय. बहुमतानं."

"झाला आसंल. मी मना करते."

ग्रामसेवकानं पेनाचं टोपण लावलं. तेजश्री माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझा दंड इतका जोरात धरला की पुढं आठवडाभर वळ राहिला. बायनाबाई मात्र नुसती थोडी सरकली, गोणपाटावर दुसऱ्या बाजूला जागा केली आणि तिथं दोनदा हात आपटून म्हणाली, "बस बाय. पैठणीला माती लागंल, पदर वर घे."

राजनंदिनीताई पदर वर घेऊन बसल्या.

जेसीबीवाल्यानं डबा मिटला, तोंड पुसलं आणि यंत्र वळवून केजच्या रस्त्याला लागला. भटजींनी नारळ परत पिशवीत टाकला. फोडलेला नव्हता, वास्तुशांतीला चालला असता. युवराजची माणसं एकेक करून चुलतभावाच्या खताच्या दुकानात दर विचारायला गेली. रब्बीची खतं घेऊन झाली होती तरी.

युवराज तेवढा उभा राहिला. आम्ही सगळे त्याच्याकडं बघत होतो. एवढा मोठा घाव बसलेला माणूस आता काय करतो, ओरडतो, की हात उगारतो, की गाडी काढून निघून जातो. बायनाबाईनं पाठ ताठ केली. मुक्ताबाईनं कोंबडी पलीकडं धरली. तेजश्री पुढं सरकली. तो दोन पावलं पुढं आला, कळ आल्यासारखा थांबला, आणखी एक पाऊल आला आणि बायकोसमोर वाकला. इतक्या दिवसांत ज्या नावानं तिला गावात कुणीच हाक मारली नव्हती, त्या नावानं त्यानं तिला हाक मारली, आणि आवाज असा की मोठ्या माणसाकडं काम घेऊन आलाय.

"सरपंच," तो म्हणाला, "जराशा सरकता का? माझी चप्पल गोणपाटाखाली, तुमी बसलाय तिथं हाय."